जावई पारखायची शर्यत

होळी, वसई
८ जानेवारी १९८४

ती. रेजिनाताईस,
कॉन्रॅडचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. मोजे तुझ्या भावजयीने, उर्सुलाने पळवले. केळीला यंदा घड बरे आहेत.

ॲनीच्या लग्नाचं विचारतेस. पोरीने स्वतःच ठरवलंय, गास गावचा मार्सेल. मुलगा दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड, पण पाच वर्षांत ही तिसरी नोकरी. हातात धरलेलं सोडायची सवय असलेल्याला मुलगी कशी द्यायची? त्यातच इथल्या एका गिर्यारोहण मंडळाने २६ जानेवारीला डोंगरशर्यत ठेवली आहे. तुंगारेश्वरच्या पायथ्यापासून डोंगर ओलांडून चांदीप आणि तसंच परत, असं दोनदा. पन्नास किलोमीटर, सूर्य मावळायच्या आत. मार्सेलने नाव दिलं आणि मी चारचौघांत बोलून गेलो, की ही शर्यत वेळेत पुरी कर, मग मुलगी माग. तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की मलाच संशय आला. वाटेत कुणाच्या सायकलवर बसला तर? म्हणून लक्ष ठेवायला मीही नाव दिलंय. तेव्हापासून उर्सुला माझ्याशी फक्त ॲनीमार्फत बोलते.

तू इतकी वर्षं नर्स होतीस. अशा पळण्याबद्दल काही सांगता आलं तर सांग.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा धाकटा,
कॉन्रॅड

नाशिक
१४ जानेवारी १९८४

चि. कॉन्रॅडला,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. अरे, एक्कावन्न वर्षांचा तू, गुडघा दुखतो म्हणून चर्चमध्ये मिसाला खुर्ची मागतोस आणि डोंगर पळणार? पण तू ऐकणार नाहीस, लहानपणीही कधी ऐकलं नाहीस. निदान एवढं कर.

सुरुवातीला कुणी पुढे गेलं तर जाऊ दे. चढावर चालायचं, पळायचं नाही. वेग बरोबर आहे की नाही ते ओळखायची खूण सांगते. मोठ्याने ‘नमो मारिया’ म्हणत जा. धाप लागून प्रार्थना अर्ध्यात तुटली तर पाय आवर. आणि भूक लागायची वाट बघू नकोस, भूक लागली म्हणजे उशीर झालेला असतो. घरच्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी खिशात भर, थोडी थोडी चघळत राहा. पाण्यात मीठ, साखर, लिंबू घाल आणि घोट घोट पी. नुसतं साखरेचं पाणी ढसाढसा पिऊ नकोस, पोटात राहणार नाही.

हे सगळं त्या मार्सेललाही सांग. परीक्षा घ्यायची तर अभ्यासक्रम दोघांना सारखाच हवा.

उर्सुलाला माझी आठवण दे. तुझं नाव रोजच्या प्रार्थनेत आहे, या महिन्यात दोनदा घेईन.
तुझी ताई,
रेजिना

होळी, वसई
२८ जानेवारी १९८४

ती. आत्यास,
ॲनीचा सा. न. वि. वि.

पप्पा लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. शर्यतीत माझं काम चांदीपला होतं, स्पर्धकांना केळी आणि पाणी द्यायचं. पहिल्या खेपेला मार्सेल सगळ्यांच्या पुढे. पप्पांनी तुमचं सगळं त्याला सांगितलं होतं म्हणे, पण त्याने अख्खी बाटली ग्लुकोजचं पाणी घटाघट रिचवलं, मी पुढे केलेलं केळं परत केलं, पोरांना हात हलवला आणि गेला. पप्पा कितीतरी वेळाने आले, मोठमोठ्याने ‘नमो मारिया’ म्हणत. गावातल्या बायकांना वाटलं, कुणी तरी गेलं. मी हाक मारली तर प्रार्थना मोडेल म्हणून नुसती मान डोलावली, सुकेळी चघळत वळले.

दुसऱ्या खेपेला दोघांचाही पत्ता नाही. येणाऱ्यांनी सांगितलं, की मार्सेल वर एका झाडाखाली ओकत बसलाय आणि एक म्हातारा त्याला लहान मुलाला औषध द्यावं तशी सुकेळी भरवतोय. पप्पांना म्हातारा म्हटलं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. मग दोघं बरोबरच उतरले. पप्पा रागावत होते, मार्सेल निमूट चावत होता.

मी मंडळाच्या जीपने शेवटच्या ठिकाणी जाऊन थांबले. सूर्य बुडाला, मंडळींनी फलक गुंडाळला, तरी नाही. अंधारून आल्यावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दोघं आले. पप्पा म्हणाले, की दोघंही नापास, आणि जीपमध्ये जाऊन बसले. दोन दिवस गप्प आहेत. मार्सेल निरोप पाठवतो, की काळजी करू नकोस. मी कुणाकुणाची करू? तुम्हीच त्यांना लिहा.

पत्राची वाट बघते.
तुमची,
ॲनी

होळी, वसई
२ फेब्रुवारी १९८४

ती. रेजिनाताईस,
कॉन्रॅडचा सा. न. वि. वि.

तुझं खरमरीत पत्र मिळालं. मुलीला छळतोय म्हणतेस. गप्प होतो, कारण स्वतःच्याच शब्दात अडकलो होतो.

शेवटच्या चढावर माझ्या मांडीत असा गोळा आला, की मी ओरडून खालीच बसलो. ऊन अजून होतं. मी मार्सेलला म्हटलं, बाबा रे, तू जा, उतरणीला पळालास तर वेळेत पोचशील. तो दहा पावलं गेला आणि परत आला. म्हणाला, की खाली एकटा पोचलो तर ॲनी आधी विचारेल पप्पा कुठे, त्यावर काय सांगू? मग माझा पाय मांडीवर घेऊन चोळत बसला. वर हेही म्हणाला, की खरं तर त्याच्याही पायांत जीव नाही, बसायला कारण मिळालं ते बरंच झालं. ताई, त्या उन्हात बसून मी त्याला मुलगी दिली. फक्त म्हटलं, घरी मीच सांगीन. आणि घरी आल्यावर सांगायची लाज वाटली. चारचौघांत घातलेली अट मीच मोडली ना!

काल सांगितलं. ॲनी आधी रडली, मग इतके दिवस का छळलं म्हणून भांडली. उर्सुलाने माझ्याशी थेट बोलून मला गाढव म्हटलं.

आज संध्याकाळी मार्सेलला आणि ॲनीला घेऊन फादरांकडे गेलो. लग्नाची तारीख उपवासकाळ संपल्यावर, पाश्काच्या सणानंतरची ठरली. परतताना चर्चच्या पायऱ्या उतरायच्या होत्या. दोघांच्या मांड्या अजून भरलेल्या. सरळ पाऊल टाकलं की कळ निघायची. शेवटी एकमेकांचा हात धरून उलटे उतरलो, एकेका पायरीला आई गं म्हणत. फादर दारात उभे राहून बघत होते. त्यांनी ॲनीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की मार्सेल पितो ते समजलं, पण तुझे पप्पा कधीपासून?

लग्नाला आठवडाभर आधी ये. गुडघ्यांसाठी काही औषध असेल तर दोघांपुरतं आण.
तुझा,
कॉन्रॅड