शुक्रवारी चार वाजता, कॅमेरा बंद ठेवून

शनिवार, १३ जुलै
आजपासून ही वही. माणसांशी बोलण्यात अर्थ उरलेला नाही.

येत्या शुक्रवारी चार वाजता पोरीचा व्हायवा आहे. पीएचडीची तोंडी परीक्षा. ऑनलाइन. घरच्यांनाही बघता येते म्हणे. विषय: शेवाळ. हो, शेवाळ! मी इतकी वर्षं दर रविवारी मागच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खुरप्याने खरवडतो, डबा भरभरून फेकतो, कुणाची कंबर मोडू नये म्हणून. आणि माझीच पोरगी त्याच्यावर डॉक्टर होणार. तेही मी माझ्या ऑफिसात लावून दिलेली नोकरी सोडून. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. सुरुवात तिने करावी, एवढंच माझं म्हणणं.

तिने लिंक पाठवली आहे. एक हिच्या फोनवर, एक माझ्या ई-मेलवर, कारण माझा फोन साधा, बटणांचा. लिंक पाठवणं म्हणजे सुरुवात नव्हे.

ही म्हणाली, माझ्या फोनवर दोघं मिळून बघू. मी म्हटलं, मला वेळ नाही. ही म्हणाली, बरं. हिचं हे ‘बरं’ मला लग्नापासून आवडत नाही.

ठरवलं: शुक्रवारी आपल्या खोलीत, दार लावून, लॅपटॉपवर, कॅमेरा बंद ठेवून पाच मिनिटं बघायचं. कुणाला कळता कामा नये. फक्त परीक्षकांची पातळी काय आहे ते पाहायचं.

दुपारी.
लॅपटॉपची तयारी. आयत्या वेळी धावाधाव करणारे लोक वेगळे. बिघाड होतो धुळीने, आणि धूळ शिरते फटींतून. तपकिरी चिकटपट्टी घेऊन सगळ्या फटी आणि भोकं बंद केली. पंख्याची जाळी आणि चार्जिंगचं भोक सोडलं. मी मूर्ख नाही. पुढच्या कडेला काहीतरी लुडबुडत होतं, तेही एका अंगाला दाबून पट्टीखाली घेतलं. आता मुंगीने आत शिरून दाखवावं.

रविवार, १४ जुलै
वाय-फाय गायब. आमचं दिसत नाही, शेजाऱ्यांचं दिसत नाही, कुणाचंच दिसत नाही. यादी कोरी. हिच्या फोनवर मात्र सगळं ठणठणीत. हिने विचारलं, कालपर्यंत चालत होतं ना? मी म्हटलं, कालपर्यंत जग वेगळं होतं.

लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला. चौथ्यांदा जरा रागाने केला.

संशय: ठोक्या. वरच्या मजल्यावर राहतो. दिवसभर भिंतीत खिळे ठोकतो. एवढ्या खिळ्यांना हा लटकवतो तरी काय? नक्की याने काहीतरी यंत्र बसवलं आहे. खालच्यांचं नेटवर्क वर खेचून घेणारं.

पायऱ्या खरवडल्या. पाय अजिबात घसरला नाही. म्हणजे घसरला, पण पडलो नाही.

सोमवार, १५ जुलै
राउटर माझ्या खोलीत आणला. आधी कपाटावर, मग टेबलावर, मग थेट लॅपटॉपच्या डोक्यावर ठेवला. एवढ्या जवळून आंधळ्यालाही दिसलं असतं. यादी कोरी.

ही आली, राउटर उचलला, जागेवर नेऊन ठेवला. मी अडवलं नाही, कारण मुद्दा माझ्या बाजूने नव्हता.

मंगळवार, १६ जुलै
लॅपटॉपमध्ये स्वतःची तपासणी स्वतःच करण्याची सोय असते. ती लावली. बराच वेळ गोल गोल फिरलं. शेवटी निष्कर्ष आला: वायरलेस बंद आहे. चालू करा.

बंद आहे हे मलाही माहीत आहे! हे सांगायला यंत्र कशाला पाहिजे? असले सल्ले आमचे साडू फुकट देतात.

संध्याकाळी नेमका साडूंचाच फोन. हिने बातमी पोचवली असणार. साडू म्हणजे हिच्या बहिणीचा नवरा. जगात असा एक विषय नाही ज्यातलं यांना कळत नाही. म्हणाले, काही लॅपटॉपना कडेला वाय-फायचं बटण असतं, ते चुकून सरकलं असेल, बघा. मी फोन चालू ठेवून चारही बाजू पाहिल्या. ठणकावून सांगितलं: माझ्या लॅपटॉपला बटण नाही. चारही बाजूंना पट्टी आहे.

साडू म्हणाले, कसली पट्टी? मी फोन ठेवला. शिळोप्याच्या गप्पांना वेळ नव्हता.

बुधवार, १७ जुलै
दुरुस्तीच्या दुकानात गेलो. नाइलाजाने. दुकानदार कानात दोरी अडकवून कुणाशी तरी बोलत होता. आधी मला वाटलं माझ्याशीच बोलतोय, म्हणून मी दोन वाक्यांना उत्तरंही दिली.

त्याने लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला आणि हसला. म्हणाला, काका, हे पार्सल कुठे पाठवायचंय? मग म्हणाला, आधी या पट्ट्या काढा, त्याशिवाय मी हात लावणार नाही. मी म्हटलं, पट्ट्या निघणार नाहीत. पट्ट्यांचा आणि वाय-फायचा काय संबंध? तो म्हणाला, तेच बघायचंय. मी म्हटलं, ज्याला रोग कळत नाही तो कपडे काढायला लावतो.

लॅपटॉप बगलेत मारून बाहेर पडलो. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. जाता जाता छत्री तिथेच राहिली. ती आणायला एकदाच चढेन.

गुरुवार, १८ जुलै
सकाळी हिने विचारलं, लॅपटॉपची एवढी घाई का? मी म्हटलं, वीजबिल भरायचंय. ही म्हणाली, ते मागच्याच आठवड्यात भरलं. मी म्हटलं, पुढचं. ही म्हणाली, बरं.

मग म्हणाली, उद्या चारला मी स्वयंपाकघरात फोन लावून बसेन, शेजारची खुर्ची रिकामीच आहे. मी म्हटलं, रिकाम्या खुर्च्या घरात पुष्कळ आहेत.

दुपारी वर जाऊन ठोक्याला जाब विचारला. तुमचं यंत्र दाखवा म्हटलं. त्याने हातातली हातोडी दाखवली. वर साळसूदपणे म्हणाला, तुमच्याकडे नेटवर्कची अडचण असेल तर उद्या आमच्याकडे येऊन बसा, तुमच्या मुलीचं काहीतरी आहे ना? म्हणजे हिने साऱ्या इमारतीत दवंडी पिटली आहे. मी म्हटलं, खिळे ठोकणाऱ्याने माझ्या घरात लक्ष ठोकू नये. वाक्य चांगलं जमलं. जिना उतरताना पुन्हा मनात म्हणून पाहिलं. तेवढं चांगलं नव्हतं.

शुक्रवार, १९ जुलै
दुपारी तीन.
दाढी केली. कॅमेरा बंदच राहणार आहे, पण दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. हा योगायोग.

पावणेचार.
यादी कोरी.

चारला पाच कमी.
युक्ती सुचली! इतके दिवस कशी सुचली नाही? राउटरच्या पाठीत भिंतीतून येणारी एक वायर असते. नेट त्या वायरीतूनच येतं. राउटर हा मधला दलाल. दलाल काढून टाकायचा. त्यापुरती एका भोकावरची पट्टी उचलायची. तत्त्वाला धक्का लागत नाही.

सहा वाजता.
काय झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विपर्यास करायला नको.

वायर राउटरमधून उपसली आणि लॅपटॉपमध्ये खुपसली. लॅपटॉप ढिम्म. कसला तरी पासवर्ड मागायला लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज: अहो, अजून सुरूही नाही झालं आणि पोरीचा चेहरा गोठला! राउटर मेल्याबरोबर हिच्या फोनचं नेटही गेलं होतं. हिने मोबाइलचा डेटा कधीच घेतलेला नाही. घरात वाय-फाय असताना डेटा कशाला, हा नियम माझाच.

ही माझ्या दारात आली. वायर पाहिली, मला पाहिलं, शर्ट पाहिला. रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार असतात. पण ही वळली आणि फोन घेऊन अनवाणी जिना चढून ठोक्याकडे गेली.

मी वायर परत राउटरला लावायला गेलो. तीनदा चुकीच्या भोकात खुपसली. उजेड कमी.

वरून टाळ्या ऐकू आल्या. ठोक्याच्या टाळ्याही ठोकल्यासारख्याच वाजतात.

ही खाली आली तेव्हा डोळे लाल होते. पोरगी डॉक्टर झाली. परीक्षक उठून गेल्यावर तिने हिला विचारलं, बाबा होते का? हिने सांगितलं, बाबा लॅपटॉप दुरुस्त करतायत, आठवडाभर तेच चाललंय. पोरगी हसली म्हणे. म्हणाली, आई, त्यांच्यासाठी दर वेळी नवं कारण शोधत जाऊ नकोस.

मी हिला म्हटलं, पण हे तर खरं होतं! ही म्हणाली, मला माहीत आहे. तिला कसं माहीत असणार?

रात्री जेवणार नाही. अपचन.

शनिवार, २० जुलै
दुकानदाराचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून सगळ्या पट्ट्या काढल्या. म्हटलं, दाखवतोच, संबंध नाही तो.

पुढच्या कडेच्या पट्टीखाली नखाएवढं सरकतं बटण निघालं. बाजूला अँटेनाचं चित्र. बटण डावीकडे होतं. उजवीकडे सरकवलं. निळा दिवा लागला. यादी भरली: आमचं, ठोक्याचं, समोरच्या इमारतीतली पाच-सहा.

निष्कर्ष: बटण चुकीच्या जागी बसवलेलं आहे. कंपनीला खरमरीत ई-मेल लिहायचा. साडूंना यातलं काही कळवायचं नाही.

पोरीची लिंक उघडून पाहिली. पडद्यावर आलं: ही मीटिंग संपली आहे.

हे मलाही माहीत आहे.

रविवार, २१ जुलै
खुरपं आणि डबा घेऊन मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. ठोक्या उतरला. मला वाटलं भांडायला आला; मी तयारीत होतो. त्याने माझा हात धरून हलवला, डॉक्टरांचे बाबा म्हणाला आणि शेजारी पायरीवर बसला. मग मला शेवाळ समजावून सांगू लागला. याला मुळं नसतात. हे अंगानेच पाणी पितं. वाळून कडकडीत झालं तरी मेलेलं नसतं, थोडं पाणी मिळालं की पुन्हा हिरवं होतं. सगळं पाठ. माझ्या पोरीचं, माझ्या पायरीवर बसून, हा मला सांगतो!

मग म्हणाला, सगळ्यात आधी तिने याच पायऱ्यांचा फोटो दाखवला. म्हणाली, बाबा दर रविवारी इथलं शेवाळ खरवडून डब्यात भरायचे, शाळेत असताना त्या डब्यातून मी पहिला नमुना उचलला. परीक्षक हसले, तीही हसली, आणि मग तिने तोच फोटो पुन्हा एकदा दाखवला.

ठोक्याने विचारलं, तुमचा लॅपटॉप शेवटी लागला असेल ना? खाली पाहिलंतच असेल ना?

मी म्हटलं, हो. अगदी स्पष्ट दिसलं.

तो म्हणाला, मग तिला फोन करून तेवढं सांगा. मी म्हटलं, बघतो. तो गेला.

आज खरवडणं रद्द. हवा दमट आहे, नीट निघत नाही. डबा रिकामाच आत आणून ठेवला.

लॅपटॉप उत्तम चालला आहे. सगळी नेटवर्क दिसतात.