चुलीजवळचा गोंचा

आबाले,

आत शिरण्याआधी वाचावं म्हणून चिठ्ठी दारालाच अडकवलीय. चुलीजवळ अमालेंचा गोंचा, त्यांचा तो लांब लोकरी झगा, बसल्यासारखा दिसेल, दचकू नका. आत छांगचा हंडा आहे, जवाची दारू आंबायला ठेवलीय. घोंगड्यांनी ऊब धरेना, म्हणून शेवटी तो गुंडाळला.

रविवारी त्या गेल्याचा एकोणपन्नासावा दिवस. त्यांच्या नावाने दुसऱ्या घरची छांग वाटायची, हे मनाला पटेना. सुनेला शिकवा म्हटलं की त्या हसायच्या, "मी मेल्यावर कर हवी तेवढी!"

जव शिजवून पसरले, तेवढ्यात पाळण्यात पाल्मो रडायला लागली आणि घाईत मी गरम जवावरच खमीर कुस्करलं. अमालेंच्या हातची शेवटची वडी होती, त्यातली अर्धी वाया गेली. मग त्यांनी एकदा बोलता बोलता सांगितलेलं आठवलं : "बोटं कशाला भाजून घेतेस? जव लेकराच्या पाठीइतके कोमट झाले की घाल." एक हात पाल्मोच्या पाठीवर आणि एक जवात ठेवून बसून राहिले, मग उरलेली अर्धी घातली. आता घरात खमीर नाही.

पाल्मोला टोचून आणायला दवाखान्यात जातेय. चहा थर्मासमध्ये आहे, रोटी फडक्यात.

एक काम करा. अमाले लावायच्या तसा हंड्याला कान लावा. बारीक चुरचुर ऐकू आली तर छांग जमली. नाही आली तर मला उद्या सांगा, आज नको.

कान लावायला गोंच्याला मिठीच मारावी लागते. सावकाश ऐका. मी संध्याकाळच्या बसशिवाय येत नाही.

तुमची सून,
चुस्किट