डाव्या कानाची गादी

बाबा, तुमच्या हेडफोनच्या डाव्या बाजूला काहीही झालेलं नाही. परवा त्याला नव्या गाद्या बसवल्या, तुमचं आवडतं तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि अख्खा तास ऐकत बसले. दोन्ही बाजू सारख्या वाजतात. उलटा घालून ऐकला, तरी सारख्याच. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी हे आत्ता तपासतेय. म्हटल्याबरोबर काम करणाऱ्यातली मी कधीच नव्हते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

इकडे उत्तरेत, मनीमाजऱ्याच्या घरात रविवारी सकाळी तुमचा हाच उद्योग असायचा. युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत आठवडाभर बिघडलेली उपकरणं दुरुस्त करून तुमचं समाधान व्हायचं नाही. पोहे खाऊन झाले की तुम्ही कॉटवर मांडी घालून बसायचात, शेजारी गाद्यांचे दोन जोड. रेक्झिनच्या लावल्या की डग्गा भरदार वाजतो, पण गाणारा खोलीत कोंडल्यासारखा वाटतो. मखमलीच्या लावल्या की डग्गा हलका होतो आणि तानपुरा मोकळा होतो. हेडफोनची पाठ जाळीची, उघडी, त्यामुळे निम्मं गाणं घरभर सांडायचं. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "स्वतः ऐकताय की मोहल्ल्याला ऐकवताय?" तुम्ही हसून मला हाक मारायचात, "ये गं, ऐकून सांग, कुठली बरी?" मी हिंदीतच उत्तर द्यायचे. "सेम है बाबा." तुमचा चेहरा जरासा उतरायचा. 'सेम है' म्हटल्यामुळे की हिंदीत म्हटल्यामुळे, ते मी कधी विचारलं नाही.

मग तो एक रविवार. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. तुम्ही म्हणालात, "डावीकडून जरा बुजल्यासारखं येतंय. तुलाही तसं वाटतं का बघ." मी हेडफोन डोक्यावर कसाबसा टेकवला, लक्ष सगळं फोनमध्ये, मैत्रिणीचा मेसेज आला होता. गाणं चालू होतं की नाही, हेसुद्धा आज मला सांगता येणार नाही. "हां बाबा, लेफ्ट वाला दबा हुआ है. पॅड बदल दो." तुम्ही केवढा मोठा श्वास सोडलात. "मग ठीक आहे. मला वाटलं माझाच कान." हे वाक्य मात्र मी नीट ऐकलं होतं. ऐकलं आणि मेसेजला उत्तर लिहीत बसले.

पुढे दीड वर्ष तुम्ही गाद्याच बदलत राहिलात. इंडस्ट्रियल एरियात गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे सरदारजी तुम्हाला त्या शिवून द्यायचे, जाड, पातळ, भोकाभोकांच्या. प्रत्येक जोडाबद्दल तुम्ही मला विचारायचात आणि मी काहीतरी ठोकून द्यायचे. परवा मी त्यांच्याकडेच गेले, कारण जुन्या गाद्यांचा स्पंज हात लावला की भुगा होत होता. त्यांनी हेडफोन लगेच ओळखला. म्हणाले, "मैंने तो साहब को बोला था बेटा, एक बार कान दिखा लो जी. कहते थे, मेरी बेटी को भी ऐसा ही सुनता है." मी बाहेर येऊन स्कूटरवर बसले आणि भर रस्त्यात रडले. उपकरण चुकीचं दाखवत असेल तर आधी तारांची अदलाबदल करून बघा, असं तुम्ही मुलांना शिकवायचात. हेडफोन एकदा उलटा घातला असतात तर क्षणात कळलं असतं. पण पोटच्या मुलीने साक्ष दिल्यावर कोण पडताळून बघतं.

शेवटी तपासणी झाली तेव्हा गाठ निघाली, नाकाच्या मागे, तिथून कानापर्यंत पसरलेली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई नागपूरच्या निघाल्या. "इतके दिवस कान बंद वाटत होता तर आधीच यायचं ना काका," त्या म्हणाल्या. तुम्ही ओशाळून म्हणालात, "मला वाटलं हेडफोनच खराब झालाय." पुढे अखेरच्या आठवड्यात एका दुपारी आई डबा आणायला घरी गेली होती आणि आपण दोघंच होतो. तुम्ही विचारलंत, "त्या दिवशी तुला खरंच तसं ऐकू आलं होतं ना गं?" मी त्या वेळी मराठीत बोलले, तुमचा विश्वास बसावा म्हणून. "हो बाबा. पक्कं आलं होतं." तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत. म्हणालात, "मग चूक कुणाचीच नाही."

जाणाऱ्या माणसाला खरं सांगून काय मिळणार होतं, तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच मी तसं म्हटलं, अशी समजूत मी इतकी वर्षं स्वतःची घालत आले. ते खरं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा इथे तरी लिहिते. तुमचा उजवा कान शेवटपर्यंत चांगला होता आणि मी त्याच बाजूला स्टुलावर बसले होते. तुम्ही माझा हात धरला होता. खरं सांगितलं तर तो सोडाल, एवढ्याच भीतीने मी खोटं बोलले.