दोनशे चौदा पार्ट

१२ जानेवारी
रिटायर होऊन दोन महिने झाले. आज निर्णय घेतला. केळझरच्या बाजूला बंद पडलेल्या खदानीतला चेन ट्रॅक्टर विकत घेतला. चाकांऐवजी रणगाड्यासारख्या लोखंडी चेन. जुना, विलायती. चौतीस वर्षं सरकारी वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये काढली. पार्ट ओळखण्यात जिल्ह्यात माझा हात धरणारा नाही. पाना फिरवायची वेळ कधी आली नाही, पण ते फक्त हाताचं काम.
प्लॅन: १ मे रोजी मशीन चालू. सिंदी मेघेतल्या आमच्या कॉलनीला एक राउंड.
बायकोला, नलूला, सांगितलं. ती म्हणाली, "अंगनात ठेवसान त मी कपडे कुठी वाळू घालू?" प्रश्न तांत्रिक नव्हता. अंगण मोजायला घेतलं.

१९ जानेवारी
क्रेनवाल्याला आजचाच दिवस जमत होता. नलूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशनही आजच. डोळ्याची तारीख पुढे ढकलता येते, असं सुचवलं. ती शेजारच्या मीराबाईंसोबत ऑटोने गेली. सोय झाली.
मशीन दुपारी तीनला उतरली. धुण्याचा दगड फुटला. किरकोळ.
नलू संध्याकाळी आली. डोळ्यावर पट्टी. तिला मशीन दाखवली. उरलेल्या डोळ्याने पाहून आत गेली.

२ फेब्रुवारी
सुटे करता येतील तेवढे पार्ट सुटे केले. एकूण २१४. प्रत्येकाला पुठ्ठ्याचं लेबल. ओळखले १८८. इंजिनावरची प्लेट घासल्यावर १९४७ आकडा निघाला. स्वातंत्र्याच्या वर्षाची मशीन! नलूला हाक मारली. ती पोळ्या करत होती.

९ फेब्रुवारी
नलू अमरावतीला प्रेरणाकडे गेली. पोरीला सातवा महिना. आठेक दिवस राहील. सोबत दोन सुटकेसा, शिलाई मशीन, स्वेटर. ऊन तापायला लागलंय, स्वेटर कशाला, हे विचारणार होतो, पण हाताला ग्रीस होतं. शिलाई मशीन ऑटोत चढवायला मीराबाई होत्या.

२६ फेब्रुवारी
चेन उघडायची तर तिची पिन काढावी लागते. तीन आठवडे एकाच पिनेवर घण घालतोय. पिन हलत नाही. खांदा हलतो. डिझाइनमध्येच चूक असावी.
नलूचे आठ दिवस लांबले. बाळंतपणाची तयारी असणार.

३ मार्च
नालवाडीचे नत्थूजी आले. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी बंधाऱ्यांच्या कामावर अशा मशिनी चालवल्या. मी बोलावलं नव्हतं, घणाचा आवाज ऐकून मीराबाईंनी बोलावलं. म्हातारा चेनवरून बोटं फिरवत गेला. चार मिनिटांत थांबला. म्हणाला, "हे पाहा मास्टर पिन. हिच्या तोंडाले खड्डा हाये. चेन इथूनच खुलते. बाकीच्या जनमभर ठोकान तरी नाई निंगत."
खड्डा मला आधीच दिसला होता. मी तो डिफेक्टमध्ये धरला होता.
१९४७ बद्दलही बोलला. "साल नोहे ते. पार्ट नंबर हाये. अन् हे एक मशीन नाई, रूपरावजी. इंजन एकाचं, चेन दुसऱ्याची, सांगाडा तिसऱ्याचा."
म्हणजे एकाऐवजी तीन विंटेज मशिनी. फायदाच. ओळखलेले पार्ट: ९७.

२२ मार्च
या मशिनीला स्टिअरिंगचं चाक नसतं. दोन दांडे असतात. डावा ओढला की डावी चेन थांबते आणि मशीन डावीकडे वळते. ते काम करणारे दोन क्लच आत गंजून चिकटलेत. नत्थूजी म्हणाले, "हे सोडवल्याशिवाय चालू नोका करू. मशीन फकत सीधी जाईन." पॉइंट नोंदवला. पण आधी पेंट. पिवळा.
नलूचा फोन नाही. मीही केला नाही. दोघंही बिझी.

१७ एप्रिल
पारा त्रेचाळीस. प्रेरणाचा दवाखान्यातून फोन. मुलगी झाली. दोन किलो नऊशे. आनंद झाला असावा.
प्रेरणाने विचारलं, "बाबा, कधी येता?" १ मे झाला की. आईला उद्घाटनाचं आमंत्रण सांग, म्हटलं. फोन कट झाला. नेटवर्क.
दुपारी रोलरला ग्रीस लावलं. लोखंड तापलं होतं. चटका बसल्याचं फोड आल्यावर कळलं.

२६ एप्रिल
क्लच राहिले. हरकत नाही. कॉलनीचा रस्ता सरळच आहे. ओळखलेले पार्ट: ६१. उरलेल्यांवर "अनोळखी" लिहून नंबर टाकले आणि बसवले.

१ मे, सकाळी ९
चाळीस खुर्च्या. ऑफिसमधले तिघे आले. नत्थूजी आले, क्लचचं विचारलं, मी विषय बदलला. पुढची खुर्ची नलूसाठी ठेवली. अमरावतीची बस लेट असेल.

दुपारी १२
चालू झाली! नत्थूजींनी बाजूचं छोटं पेट्रोल इंजिन दोरी ओढून सुरू केलं, त्याने मोठं फिरवलं. काळा धूर. सगळी कॉलनी बाहेर. नत्थूजी म्हणाले, "झालं, आता बंद करा." मी गिअर टाकला.
गेटकडे वळायला डावा दांडा ओढला. मशीन सरळ गेली. उजवा ओढला. सरळ गेली. आधी आमची न्हाणी, मग कंपाउंड. नत्थूजी मागून ओरडत होते, "डिझल बंद करा! डिझल!" डिझेल बंद करायची दांडी शोधली. माझ्याच अक्षरातलं लेबल होतं: अनोळखी, ११२. ओढावी की नाही, या विचारात नाली आली. मशीन नालीत तोंड घालून थांबली.
कोणाला लागलं नाही. निष्कर्ष: इंजिन उत्तम.
नत्थूजींनी माझा हात धरून पाहिला. रक्त होतं. दुखत नव्हतं. त्यांनी विचारलं, "दुखून राह्यलं का?" नाही म्हटलं. ते माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "बाईले घेऊन या. एकटे नोका राहू."
बरोबर आहे. न्हाणीचंही कोणीतरी पाहायला हवं.

४ मे, अमरावती
नलूला न्यायला आलो. दार तिनेच उघडलं. ट्रेमध्ये पाणी आणलं. प्रेरणाने बाळ मांडीवर दिलं. दहा मिनिटं घेतलं. हलकं होतं. मशीन चालू झाल्याचं सांगितलं. प्रेरणा बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली.
नलू दुपटी घडी करत होती. मी म्हटलं, "आठ दिवसांचे तीन महिने झाले. कधी निघायचं?"
ती म्हणाली, "आठ दिवसासाठी मी आलीच नोती. तुमी इचारलंच नाई."
आवाज चढलेला नव्हता. भांडली असती तर उत्तर तयार होतं. "काऊन नाई येत?" एवढंच विचारलं.
"मी घरी होती तवा तुमाले दिसत नोती. इथी मले बरं वाटते."
हातातलं दुपटं घडी करून झालं. दुसरं घेतलं. मग म्हणाली, "सैपाक झाला हाये. जेवून जाजा."
जेवलो. वांग्याची भाजी, पोळी, वरण. तिने दोनदा आग्रह करून वाढलं, पाहुण्याला करतात तसा.
साडेतीनची बस मिळाली. गर्दी होती. चांदूरला पुढची सीट रिकामी झाली. कंडक्टर म्हणाला, "काका, बसा ना." हो म्हटलं. पुलगाव आलं तेव्हा लक्षात आलं, मी उभाच होतो.