मुकादमाची पाव गोळी

२१ ऑगस्ट, गुरुवार
माझ्या कंपनीला सुट्टी. सकाळी मुकादमला पिशवीत घालून भोसरीला डॉक्टरबाईंकडे नेलं. रिक्षात सगळा वेळ ओरडत होता. रक्त काढलं. घरी येऊन चादरी धुतल्या. संध्याकाळी फोन आला. थायरॉईड वाढलाय. चौदा वर्षांच्या मांजराला होतो म्हणे. म्हणून दिवसभर खा-खा, आणि तरी पाठीचे मणके हाताला लागतात.
मला वाटत होतं, हे गेल्याचं त्याने मनाला लावून घेतलंय. तेही असेल. पण डॉ. म्हणाल्या, "याला औषध आहे."
यांच्या वेळी हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. फोन ठेवल्यावर बराच वेळ घरात नुसतीच फिरत होते.

२२ ऑगस्ट
खालच्या मजल्यावर घरमालकीण आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "थायरॉईड? मला बी हाय. पर मी बघ कशी, आन् हे काटूक. माझ्यातलीच अर्धी गोळी दे की, कशाला दुकानात जाती." पाकीट हातात दिलं. मी घेऊनही आले. मग राहवलं नाही, डॉ.ना विचारलं. त्या जवळजवळ ओरडल्याच. आक्कांचा कमी पडतो, याचा जास्त आहे. त्यांची गोळी याला म्हणजे आगीत तेल.
पाकीट परत द्यायला गेले. आक्का: "मंग त्याचं जास्तीचं मला दे म्हणावं. दोघं बी जाग्यावर येऊ."
हसले. कधीपासून हसले नव्हते.
याची गोळी वेगळी. सकाळी पाव, संध्याकाळी पाव. सुरीने चुरा होतो. शेवटी यांची टूलरूमची पेटी उघडली. ब्लेड, स्टीलची पट्टी. चार सारखे तुकडे पडले.

११ सप्टेंबर, गुरुवार
वजन वाढलं. चारशे ग्रॅम. काट्याकडे पुन्हा पुन्हा बघितलं. कुणाला तरी सांगायचं होतं, रिक्षावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "भारी की मावशी. कुणाचं?" मी पिशवीकडे बोट केलं. पुढे मोशीपर्यंत तो आरशातून पिशवीकडेच बघत होता.
आणि दुपारी, यांच्या कंपनीची (त्यांना गुरुवारची सुट्टी नसते) पहिल्या पाळीची बस नाक्यावर वळली तेव्हा मु. गॅलरीत जाऊन बसला. यांच्या बसला बसायचा तसाच, पाय पोटाखाली घेऊन. म्हणून तर नाव मुकादम. कामावरून कोण कधी येतं ते बघणारा. हे गेल्यावरही जायचा. उन्हाळ्यात सोडलं होतं. आज गेला.
रात्री गॅसवर दूध उतू गेलं, राग आला नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार
पुन्हा रक्त. थायरॉईड खाली आला, छान. पण किडनीचे आकडे वर.
मी विचारलं, औषधाने बिघडलं का? डॉ. म्हणाल्या, नाही. थायरॉईड जोरात होता तोवर रक्त किडन्यांतून जोरात फिरत होतं, त्यामुळे त्यांची खरी अवस्था झाकली होती. आता दिसली. गोळी बंद केली तर हृदय थकेल, जास्त दिली तर किडन्यांना सोसणार नाही. मधलं शोधायचं. गोळी तूर्त तीच, आणि रोज संध्याकाळी घरीच कातडीखाली सलाईन. तीन आठवड्यांनी परत बघू.
हे असते तर म्हणाले असते, टॉलरन्स कमी आहे, चुकायला जागा नाही, पण जॉब निघेल.
सुकट बंद. आक्कांना सांगायला हवं, त्याच देतात लपून.

२० सप्टेंबर
सलाईन, दुसरा प्रयत्न. बाटली खिडकीच्या गजाला. आक्का मु.ला धरून. "मुकादम, गप ऱ्हा, न्हायतर तुझीच हजेरी कापीन." निम्मं माझ्या साडीवर. आक्का म्हणाल्या, "आता तुला तहान लागायची न्हाई."

२१ सप्टेंबर
एकटीने. एका टोचणीत. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली, तो मांडीवर डोळे मिटून. मानेमागे उंटासारखा उंचवटा आला, मग हळूहळू एका पायाकडे उतरला. नंतर उठून वाटी चाटून पुसून खाल्ली.
मी सगळ्या खोल्यांतले दिवे लावून बसले होते, उगाच.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. कंपनीत मशिनची पूजा, लवकर सुटलो. दरवर्षी हे घरी हत्यारं मांडायचे, व्हर्नियर, मायक्रोमीटर, हातोडी. या वर्षी मी मांडली. मग वाटलं, माझी हत्यारं? वजनकाटा ठेवला, गोळीचं ब्लेड, सलाईनची बाटली, सुयांचा डबा. हळद-कुंकू, झेंडू. आक्का पाया पडून गेल्या. "बेस मांडलंस."
संध्याकाळी लक्षात आलं. मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलत नाहीत. हे त्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हरलाही हात लावायचे नाहीत. एका वर्षी पंखा बंद पडला, तर घामात बसलो होतो. सगळ्या सुया पूजेत. गोळी कालच चिरलेली होती, ती दिली. सलाईन एक दिवस चुकली तर चालेल बहुतेक. खाली जाऊन विचारावं असं वाटलं. नाही गेले.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी मु. मोरीच्या कोपऱ्यात. मान वर करेना, अन्नाला तोंड लावेना. बाटलीवरचं कुंकू पुसलं आणि लावली.
आक्का आल्या. सांगितलं. "आगं, औषध हाय ते. हत्यार न्हाई. देव काय येडा हाय का?"
"मग काल का नाही बोललात?"
"काल तू इचारलंस का? तू कंदी कुणाला इचारतीस?"
मी डॉ.ना फोन लावला.
त्या म्हणाल्या, पुन्हा चुकवू नका. रात्रीपर्यंत खाल्लं नाही तर लगेच आणा.
दिवसभर वाटी नाकाशी धरून. संध्याकाळी दुसरी सलाईन, डॉ.ना विचारून. दिवेलागणीला त्याने बोट चाटलं. मग वाटी. निम्मी संपवली. मी जिन्यावरूनच ओरडले, "आक्का, खाल्लं." पूर्ण बिल्डिंगला ऐकू गेलं असेल.
त्या वर आल्या, आपट्याचं पान त्याच्यापुढे ठेवलं. "सोनं घ्या मुकादम. सोन्यासारखं ऱ्हावा."
त्याने वास घेतला आणि पान पंजाने खाली ढकललं. आक्का खूश.

९ ऑक्टोबर, गुरुवार
रक्त दिलं. वजन तेवढंच, घटलं नाही. डॉ. म्हणाल्या हेही चांगलंच. रिपोर्ट उद्या. त्यावरून ठरेल गोळी पाव ठेवायची की आणखी कमी, किंवा... पुढचं मी विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं. वर्ष मिळेल, कदाचित काही महिनेच. विचारलं म्हणून बरं वाटलं.
दुपारी बस वळली. मु. गॅलरीत गेला, मध्ये एकदा बसून, मग पुढे. मीही जाऊन उभी राहिले. माणसं उतरली, डबे घेऊन पांगली. आम्ही दोघांनी शेवटच्या माणसापर्यंत बघितलं. मग तो आत आला, मी आत आले.
संध्याकाळी सलाईन, एका टोचणीत.
एरवी आठवड्याच्या गोळ्या एकदम चिरते. आज एकच चिरली, उद्याचा रिपोर्ट येईपर्यंत पुरेल एवढी. ब्लेड पुसून पेटीत ठेवलं.