सुट्टीच्या ब्लॉगचा सहावा विषय

प्रिय ठकू,

पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. देवाच्या कृपेने इथे सगळे ठीक आहेत, कोणी आजारी नाही. पाकिटाच्या तळाशी एक वस्तू आहे, कागदात गुंडाळून वर चिकटपट्टी लावली आहे. ती आधी उघडू नकोस, पत्र वाचून झाल्यावर उघड. हे सगळं फोनवर मला सांगता आलं नसतं. फोनवर समोरचं माणूस मध्येच बोलतं आणि माझं मुद्द्याचं तेवढं राहून जातं. शिवाय रविवारी तुझा फोन आला की बाबा शेजारी येऊन बसतात आणि आवाज मोठा करायला लावतात. जावयांना फोन दे म्हटलं की ते नेमके आंघोळीला गेलेले असतात. मागे एकदा फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, जावई हल्ली फारच स्वच्छ राहायला लागलेत. मी हसले होते.

आधी कामाचं सांगते. सुट्ट्यांच्या हंगामासाठी तू ब्लॉगचे सहा विषय पाठवलेस, त्यातले पाच झाले. आपल्यासारख्या बॅगा दुरुस्त करणाऱ्या छोट्या दुकानदाराने सुट्ट्या लागण्याच्या पुष्कळ आधी लिहायला घ्यावं, कारण लोक तेव्हापासूनच शोधायला लागतात, हे तुझं म्हणणं मला पटलं. बाबांना पटलं नाही. ते म्हणाले, बॅगेचं चाक निघायच्या आदल्या संध्याकाळीच तुटतं, महिनाभर आधी कोणाचं तुटलंय? पण समोर नव्या बॅगांचं मोठं दुकान झाल्यापासून आपली वर्दळ किती ओसरली ते तुला ठाऊक आहे. जुनी बॅग आणा आणि नवीवर सूट घ्या, असा फलक त्यांनी आपल्या दारासमोरच लावला आहे. आपली कमाई सगळी सुट्ट्यांवर. हा हंगाम हातचा गेला की वर्ष गेलं. म्हणून मी पदर खोचला.

मॅट्रिकला निबंधात मला बरे गुण होते, पण ते झाडावर आणि पावसावर लिहून. बॅगेच्या चाकावर कोणी लिहायला सांगितलं नव्हतं. मी आधी जुन्या बिलांच्या पाठीवर लिहिते, खाडाखोड तिथेच उरकते आणि मग फोनवर टाइप करते. पहिला लेख लिहिला तो "निघण्याआधी रिकामी बॅग घरभर ओढून बघा" म्हणून. लोकांनी खरंच ओढून बघितली असावी, कारण त्या आठवड्यात नेहमीपेक्षा लवकर गिऱ्हाईक आलं. बाबांनी ब्लॉगला "तुझ्या आईचं वर्तमानपत्र" म्हणायचं बंद केलं. दुसरा विषय, नवी घ्यावी की जुनी दुरुस्त करावी, हा तर माझ्या हातचा मळ. घरात काहीही टाकायला निघालं की मी जे बोलते तेच लिहिलं. तिसरा विषय, सुट्टीत दुकान कधी उघडं आणि कधी बंद. हा काय लेख झाला, असं मला वाटलं होतं. तीन ओळी लिहिल्या, आणि सगळ्यांत जास्त माणसांनी त्याच वाचल्या! एवढं डोकं चालवून लिहिलेलं राहिलं बाजूला. पाचवा, प्रवासाला निघालेल्याला भेट काय द्यावी. त्यात मी बॅगेला शिवून देण्याच्या नावाच्या पट्टीबद्दल लिहिलं. उरलेल्या कातड्याच्या तुकड्यांच्या पट्ट्या होतात, फुकट काही जात नाही, आणि त्या बऱ्या खपताहेत.

राहिला चौथा, दुकानातल्या गमतीजमती. त्यात मी माती खाल्ली. तू फोनवर विचारलंस की चौथा लेख दिसत का नाही, तेव्हा मी नेट चालत नसल्याचं सांगितलं. नेट चालत होतं. झालं असं की, लोक बॅगांच्या खिशात काय काय विसरतात त्यावर मी लिहिलं. लहान मुलाचा दुधाचा दात, एकच मोजा, कुठल्याशा हॉटेलचा चमचा. नाव कोणाचंच घातलं नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण एका बॅगेबद्दल लिहिताना हात आवरला नाही. एक गृहस्थ दर वर्षी परिषदेला म्हणून जातात आणि त्यांच्या बॅगेच्या अस्तरात मासे धरायचे गळ निघतात, एक तर आमच्या कारागिराच्या बोटात घुसला, असं लिहिलं. तिथेही थांबले असते तर निभावलं असतं. पण त्या तांबड्या बॅगेच्या कोपऱ्याला बाबांनी काळं ठिगळ इतकं सुरेख लावलं होतं की मी त्याचंही वर्णन केलं. म्हटलं, समोरच्या दुकानाला कळू दे दुरुस्ती कशाला म्हणतात.

ती बॅग आपल्या कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची. ठिगळ अख्ख्या गल्लीने ओळखलं. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई फोन उघडा धरूनच दुकानात शिरल्या. काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी. बाई म्हणाल्या, अहो, परिषदेला जायचं म्हणून मी ह्या माणसाचे सदरे कडक इस्त्री करून देते आणि हा नदीवर गळ टाकून बसतो! सगळ्या गल्लीने वाचलं, मीच तेवढी शहाणी राहिले होते. आणि इतक्या वर्षांत एक मासा म्हणून घरी आला नाही, म्हणजे तेही धड जमत नाही! गिऱ्हाइकं हसायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबांच्या हातातली सुई बॅगेत अर्धी गेली होती, ती तशीच राहिली.

बाईंचं ओरडणं मी सोसलं असतं. पण संध्याकाळी डॉक्टर स्वतः आले. हळू बोलणारा माणूस. म्हणाले, दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघतो हो मी, वर्षातून तीन दिवस मला पाण्याकडे बघायचं असतं. तुमच्याकडे खिशातलं खिशात राहतं म्हणून मी इथे येत होतो. एवढंच बोलले आणि गेले. मी तिथल्या तिथे लेख काढून टाकला. कसा काढायचा ते तू शिकवलं होतंस म्हणून बरं. जेवताना बाबा म्हणाले, खिसा तो खिसा. आपल्या दुकानाची ही रीत तू लहानपणापासून बघितली आहेस. बॅग आली की गिऱ्हाइकासमोर सगळे खिसे रिकामे करायचे, निघेल ते पाकिटात घालून त्याच्या हातात द्यायचं, विचारायचं नाही आणि बाहेर बोलायचं तर नाहीच. समोरचं दुकान सूट देईल, पण ही रीत देणार नाही, हे बाबा नेहमी म्हणतात. आणि मी तीच रीत चव्हाट्यावर मांडून आले होते.

पुढचे काही दिवस दुकानात चिटपाखरू नव्हतं. ऐन हंगामात मशीनचा आवाज बंद, म्हणजे काय वाटतं ते मी सांगायला नको. मी देवापुढे बसले की जप राहायचा बाजूला आणि ते काळं ठिगळच डोळ्यांसमोर यायचं. मग एका दुपारी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. पण त्यांच्या हातात त्यांची स्वतःची बॅग होती, चेन अडकलेली. काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, ह्या वेळी मीही जाणार आहे नदीवर. मी म्हटलं, बाई, माझं चुकलं. तर त्या म्हणाल्या, तुमचं चुकलं ते चुकलंच. पण मला राग माशांचा नाही हो. त्यांनी मला सांगितलं असतं, तर मी काय खाल्लं असतं त्यांना? डबा करून दिला असता. नाहीतर लांब बसून राहिले असते, बोललेसुद्धा नसते. आधी रागाच्या भरात नवऱ्याला अरेतुरे करणाऱ्या बाई आता पुन्हा अहोजाहोवर आल्या होत्या. बाबांनी त्यांच्यासमोर खिसे रिकामे केले, एक रुमाल निघाला, तो पाकिटात घालून दिला. त्यांच्यामागोमाग बाकीचीही माणसं यायला लागली. देवाने सावरून घेतलं. समोरचा फलक अजून आहे, पण मशीन चालू आहे.

तुझी निळी बॅग पार्सलने आली ती डॉक्टरीणबाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस की एक चाक तुटलंय, सुट्टीआधी हवी, आणि परत पाठवताना ऑफिसवरच पाठवा, घरी दिवसभर कोणी नसतं. लेकीची असली तरी बॅग ती बॅग. गिऱ्हाईक समोर नाही म्हणून बाबांनी मला माळ्यावरून खाली बोलावलं आणि माझ्यासमोर खिसे रिकामे केले. केसांची एक पिन, गोळीचा कागद, आणि आतल्या चेनच्या खिशातून एक वस्तू. ती त्यांनी न बघता माझ्या हातात दिली आणि चाकाकडे वळले. चाक बोटाने फिरवलं आणि म्हणाले, हे घासून गेलेलं नाही, आपटून गेलंय, जिन्यावरून वर ओढलीय. मी म्हटलं, हिचं घर तर तळमजल्यावर आहे, ऑफिसात जिना असेल. ते म्हणाले, असेल. मग त्यांनी बॅगेची शिवण बघितली. चारी बाजूंनी ताणलेली. चार दिवसांच्या सुट्टीच्या कपड्यांनी शिवण अशी ताणत नाही, ठकू. तुझ्या बाबांना ते मी सांगायला नको, आणि त्यांनी मला सांगितलं नाही. चाक एकच तुटलं होतं, त्यांनी दोन्ही नवी बसवली. शिवण दुहेरी घातली. एरवी चांगलं चाक काढलं तर मी ओरडले असते. ह्या वेळी मी दोऱ्याचं रीळ धरून नुसती उभी राहिले.

त्यानंतरच्या रविवारी तुझा फोन आला. जावई आंघोळीला गेले होते. बाबांनी गंमत केली नाही. फोन ठेवून झाल्यावर पेपर उघडला आणि म्हणाले, पुढच्या वेळी विचार तिला, तिला गरम पाणी मिळतं ना.

आता सहावा विषय. "आमच्या घरची सुट्टी." दुकानामागचं घरही लोकांना दिसावं, त्याने जवळीक वाटते, असं तू लिहिलंस आणि मला जड जाईल म्हणून मजकूरही तूच करून पाठवलास. सुट्टीत आमची लेक आणि जावई येतात, सगळे एका टेबलाशी बसतो, रात्री पत्ते खेळतो. किती छान लिहिलं आहेस. मी ते नेहमीप्रमाणे बिलाच्या पाठीवर उतरवायला घेतलं, जावयांच्या नावापर्यंत आले आणि पेन खाली ठेवलं. तो लेख मी टाकलेला नाही. चौथा विषय लिहून मी एक शिकले, दुसऱ्याच्या खिशातलं सांगायचं नाही. आणि जे खिशात नाही ते आहे म्हणूनही सांगायचं नाही.

आता ती वस्तू उघड. किल्ली आहे. तिला अडकवलेल्या पट्टीवर नोकरदार महिलांच्या वसतिगृहाचं नाव आहे आणि खाली खोलीचा आकडा. मी वाचलं, कारण कोणाची किल्ली ते बघावं लागतं. बाबांनी वाचलं नाही, त्यांना वाचायची गरज पडली नाही. एव्हाना तू दुसरी करून घेतली असशील, तरी ही जवळ असू दे, जादाची किल्ली वाया जात नाही. दुकानाच्या रीतीप्रमाणे मी काही विचारत नाही. कधी गेलीस, का गेलीस, कोणाचं चुकलं, त्यातलं काही नको सांगूस, तुला वाटेल तेव्हा सांग. सकाळी देवापुढे मी तुम्हा दोघांचं नाव एका दमात घ्यायची. अजूनही दोघांचं घेते, फक्त आता वेगवेगळं घेते. फक्त त्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं माझ्या कानातून जात नाही म्हणून हे पत्र. मी काय खाल्लं असतं गं तुला? डबा करून दिला असता. नाहीतर लांब बसून राहिले असते. तुझी बॅग तयार आहे, माळ्यावर माझ्या खोलीत ठेवली आहे. देवाला पत्ता लागत नाही, पण पार्सलवाल्याला लागतो, तेव्हा कुठे पाठवू ते कळव. खरा पत्ता कळव. आणि सुट्टीत तूच घ्यायला आलीस, तर पार्सलचा खर्च वाचेल.

तुझीच,
आई