दार लागलं

सोम. १२ फेब्रु. ०७
लहानपणचा दोस्त विन्या गडहिंग्लजहून एसटीनं आला, सीडी घेऊन. वर्षभर बसून गेम केलाय पठ्ठ्यानं. आमच्या व्हिडिओ गेम पार्लरातल्या तलवारवाल्या गेमवरनंच, अगदी जुन्या वळणाचा. मोठे चौकोनी ठिपके, चारच रंग, तोच किरकिरा आवाज. गुरुवारी पुण्याला कंपनीत दाखवायचाय, नोकरी त्याच्यावरच. "खेळून बघ आन् तोंडावर सांग. गोड बोलू नगंस." मीच का? तर म्हणे, अण्णाचा भाऊ हायस म्हणून.
अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. मंगळवार पेठेतलं त्याचं पार्लर त्याच्याआधीच गेलं. तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात.

मंगळ. १३
क्लासच्या कॉम्प्युटरवर खेळलो, बॅच यायच्या आधी. उडी झकास, बोटांनी लगेच ओळखली. राक्षस फारच गरीब. विहिरीतला टप्पा त्याच्या स्वतःच्या डोक्यातला, जुन्यापेक्षा भारी. खरं सांगतो, जळलो.
मग चौथं दार. उघडतच नाही, चित्र थिजतं. तीनदा गेलो. चूक राहिली म्हणून विन्याला फोन केला.
"चूक न्हाय रं. तितं संपतोय की गेम. अण्णा काय म्हणायचा? राजा झोपलाय आत, उद्या या."
गेम बंद करून टाकला.

संध्या. लिहूनच टाकतो, बारा वर्षं कुणाला बोललो नाही. पार्लरात त्या तलवारवाल्या गेमची कॅसेट येऊन चारच दिवस झालते. फुंकून फुंकून चालेना, म्हणून मी तिच्या पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या, चकाचक. तेव्हापासून चौथ्या दाराशी चित्र थिजायला लागलं. अण्णानं माझ्या हातातला पेपर बघितला, काढून खिशात घातला. पोरं विचारायला लागली तर म्हणाला, राजा झोपलाय. मला वाचवायला. मग सगळ्या पेठेत संपलं म्हणायचं तर 'दार लागलं'. नापास झालं, दार लागलं. लग्न मोडलं, दार लागलं. अण्णाला पोचवून येताना विन्या हळूच तेच म्हणाला होता.

बुध. १४
वहिनीकडं गेलो, कॅसेट मागितली. अण्णाच्या चष्म्याशेजारी ठेवलेली. "ह्येच्यावरनं तुमचं भांडाण झालतं का, भावजी?"
न्हाय म्हटलं. झालं असतं तर बरं झालं असतं.
वरचं नाव जपानी. दाराच्या आत काय आहे ते नेटवर शोधायचं तरी काय टाकून?
विन्याला सांगायलाच फोन लावला. उचलल्या उचलल्या, "शेवट कसा वाटला? अण्णा असता तर रडला असता की."
मी म्हटलं, राक्षस जरा अवघड कर. भित्रा आहे मी.

गुरु. १५
त्याचा फोन नाही. क्लासात दोनदा चुकीचं शिकवलं.

शुक्र. १६
दुपारी विन्याचा फोन, पुण्यात स्वारगेटवरनं. "विहीर लई आवडली त्यास्नी. पर साहेब म्हणाले, अर्धवट हाय. दाराच्या आत काय हाय ते करून आण, मग बघू." मग, "सांगितलं कसं न्हाईस? खेळलास की तू."
एसटी कितीची आहे ते विचारलं.
"बरं ऱ्हाऊ दे. घरचा तू, अण्णानं तुला सांगितलं असंल. आत काय हाय रं?"
मला तरी कुठं माहीत. मी पण दारापर्यंतच गेलोय. म्हटलं, कोल्हापूरला उतर, समोरासमोर बोलू.
आता कराडच्या पुढं आला असेल. पॉलिश पेपरचं सांगतो, ते पाप माझं. पण राजाचं अण्णानं मनानंच रचलं, आपल्याला फसवत होता, हे कुठल्या तोंडानं सांगू?